रोजच्या संथ धावण्याचे बूट : रायबंदरच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२५

जुने बूट आता बाद करायचे. आमच्या धावणाऱ्या गटात नवीन आलेल्या प्रत्येकीचा पहिला प्रश्न "ताई, कुठले बूट घेऊ?" हाच असतो, म्हणून या खेपेची खरेदी सुरुवातीपासून लिहून ठेवते आहे. मॉडेलची नावं मुद्दाम देणार नाही. कंपन्या दर वर्ष-दीड वर्षाने त्याच नावाखाली साचा बदलतात, आणि माझ्या पायाला बसलेला बूट दुसरीच्या पायाला बसेलच असं काही नाही.

गरज साधी आहे. गोव्यातल्या रायबंदरहून कॉजवेवरून पणजीच्या दिशेने, आठवड्यातल्या बहुतेक सकाळी, पाच-सहा किलोमीटर. वेग असा की शेजारणीशी गप्पा चालू राहाव्यात. शर्यतीचे बूट, आत कार्बनची पट्टी वगैरे काही नको. बजेट सहा हजार.

जुन्या बुटांचे मागच्या डिसेंबरपासून फोनवर नोंदलेले ८१० किमी झालेत. साधारण ५०० ते ८०० किमीत मधला फोम दमतो, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. टेबलावर ठेवून मागून पाहिले तर उजवा बूट बाहेरच्या बाजूला कलंडलेला दिसतो. रस्त्याला पावसाच्या पाण्यासाठी कडेकडे उतार असतो आणि मी समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून कायम उजव्या कडेने धावते, त्यामुळे उजव्याची बाहेरची कड जास्त घासली गेली. फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्यात आणि अंगठ्याने दाबला तर तो लवकर वर येत नाही. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेखाली चमक येते, ती गेल्या महिन्यापासूनची.

१३ ऑगस्ट

पाय मोजले. सकाळी, बसून. मग वाचलं की संध्याकाळी पाय सुजलेले असतात आणि उभं राहिल्यावर तळवा पसरतो, म्हणून ऑफिसातून आल्यावर पुन्हा मोजले. कागद भिंतीला टेकवला, टाच भिंतीला लावली, पेन्सिल उभी धरून कडेने रेघ मारली. (वाकून स्वतःच काढाल तर वजन पुढे जाऊन आकडा चुकतो. मुलीला बसवलं.)

डावा २४२ मिमी, उजवा २४६. सकाळी बसून आले होते २३८ आणि २४१. म्हणजे साधारण अर्ध्या नंबराचा फरक नुसता वेळेचा आणि वजनाचा. ब्रिटिश मापात एक पूर्ण नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साडेआठ मिमी. अर्धा नंबर सव्वाचार.

चवड्याची रुंदी: डावा ९७, उजवा ९९. या आकड्याला कुठल्याच दुकानात कुणी विचारत नाही. पण जुन्या बुटातला इनसोल (पायाखालचा आतला सुटा थर) बाहेर काढून त्यावर अनवाणी उभी राहिले तेव्हा सगळा उलगडा झाला. कापडावर पाच बोटांचे काळपट खळगे पडलेले आहेत, चार नीट आत, आणि करंगळीचा अर्धाच. बाकी अर्धी करंगळी कडेबाहेर, बुटाच्या कापडावर चढत होती. करंगळीचं नख वर्षभर काळं का, त्याचं उत्तर तिथे होतं. नवीन घेणाऱ्यांनी दुसरं काही केलं नाही तरी हे करावं. इनसोल काढा, वर उभ्या राहा, पाय कडेबाहेर जातो का बघा. दुकानातही करता येतं, बहुतेक बुटांचे इनसोल सहज निघतात.

२२ ऑगस्ट

ऑफिस सुटल्यावर पणजीत १८ जून रस्त्यावर गेले. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पाच दिवसांवर, सगळ्या दुकानांत कपड्यांची गर्दी, त्यामुळे बुटांच्या दुकानात निवांतपणा मिळाला. मुद्दाम संध्याकाळ निवडली होती आणि धावायचे मोजे पिशवीत होते.

बायकांच्या विभागात मांडणी रंगावरून. "मॅडम, हा लॅव्हेंडर नवीन आलाय." मी रुंद साचा आहे का विचारलं तर विक्रेत्याने मनापासून सांगितलं की बायकांमध्ये तो माल येतच नाही. बायकांच्या बुटांची नेहमीची रुंदी बी, पुरुषांची डी. बायकांचा डी म्हणजे 'रुंद', आणि तो इथे ठेवत नाहीत.

घालून पाहिलेल्या सगळ्यांचा अनुभव एकच. लांबी ठीक, पुढे अंगठ्याएवढी जागा, पण चवडा आवळलेला. "घातल्यावर सैल होतील" हे वाक्य ऐकलं. कापड थोडं सैल होतं हे खरं, पण खालचा फोम रुंद होत नाही. पाय त्या पट्टीच्या बाहेर गेला की गेला.

एका ठिकाणी पायाचा दाब दाखवणारी पाटी होती. त्यावर उभं केलं, रंगीत चित्र आलं आणि माझा पाय आत झुकतो असं सांगून दोन हजारांनी महाग, आतून कडक आधार असलेला बूट पुढे केला. मी घेतला नाही. अमेरिकी लष्करात हजारो प्रशिक्षणार्थींना तळव्याच्या कमानीप्रमाणे बूट देऊन पाहिले होते, २००९-१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. शिवाय तो बूट घालून दुकानात फेरी मारली तेव्हा कमानीखाली काहीतरी बोचत होतं. पाच मिनिटांत बोचतं ते पाच किलोमीटरनंतर काय करेल, यासाठी पाटीची गरज नाही.

रिकाम्या हाताने, निरफणस आणि चवथीची इतर खरेदी घेऊन घरी.

२४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर

हा काळ फुकट गेला. रुंदी मिळत नाही तर एक नंबर मोठा घेऊ, असा हिशोब करून बायकांचा साडेसहा ऑनलाइन मागवला. ५,४९९ रुपये. चवथीच्या आदल्या दिवशी आला.

घरातच, फरशीवर, जिन्यावर चढउतार करून पाहिला. बाहेर एकदा घातला की परत घेत नाहीत, म्हणून तळाला धूळसुद्धा लागू दिली नाही. नंबर वाढवला की लांबी साडेआठ मिमी वाढते, पण चवड्याखालची रुंदी जेमतेम दोनेक मिमी. त्यामुळे आवळणं थोडंसं कमी झालं, आणि लांबी भलतीच झाली. बूट वाकतो ती रेघ माझ्या बोटांच्या सांध्यापुढे गेली. जिना उतरताना पाय पुढे घसरून बोटं टोकाला आपटत होती. मोठ्या नंबराने रुंदीचा प्रश्न सुटत नाही, हा या खरेदीतला सगळ्यात महाग धडा. पैसे परत आले, पण कुरिअरवाला चवथीच्या सुट्ट्यांमुळे लवकर फिरकलाच नाही आणि रक्कम तोवर अडकली.

दरम्यान घरी गणपती, पाहुणे, पातोळ्या, नेवऱ्या. जुन्याच बुटांत अधूनमधून तीन-चार किमी. टाच दुखतेच आहे.

६ सप्टेंबर

पर्वरीच्या मॉलमध्ये गेले आणि थेट पुरुषांच्या विभागात शिरले. पुरुषांचा सहा नंबर, डब्यावर २५ सेमी. "मॅडम, हे जेंट्सचे आहेत, सरांचा साइज काय?" सर घरी आहेत म्हटलं, मलाच हवेत.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा: एकाच कंपनीत बायकांचा साडेपाच आणि पुरुषांचा सहा यांच्यावर बऱ्याचदा तोच सेंटिमीटरचा आकडा असतो. नंबर विसरा, डब्यावरची सेंटिमीटरची ओळ वाचा. पायाच्या मापापेक्षा तो आकडा थोडा जास्त हवा. पुरुषांत सहाच्या खाली माल क्वचितच ठेवतात, म्हणून हा मार्ग लहान पायाच्या बायकांना बंद आहे. माझा पाय नशिबाने मोठा.

इनसोल काढून उभी राहिले. दोन्ही करंगळ्या आत. असा बूट मिळायला ऑगस्टचा उरलेला महिना गेला.

तडजोड मागच्या बाजूला. पुरुषांच्या साच्याची टाच रुंद, माझी अरुंद. चालताना टाच वर-खाली होत होती. विक्रेत्याने दाट मोजे सुचवले, पण दाट मोज्यांनी पुढची जागा पुन्हा खाल्ली असती. सगळ्यात वरचं, एरवी रिकामं राहणारं भोक वापरून नाडी बांधली. प्रत्येक बाजूला त्या भोकातून नाडीचा छोटा फास करायचा, दुसऱ्या बाजूचं टोक त्यातून ओवायचं आणि वर न ओढता खाली, टाचेच्या दिशेने ओढायचं. मॉलच्या पॅसेजमध्ये टोकापर्यंत दोन-तीन वेळा धावले, सुरक्षारक्षक बघत राहिला. टाच जागच्या जागी.

किंमत ६,७९९. घेतला नाही, कारण ऑफिसात सगळे म्हणत होते की २२ तारखेपासून जीएसटी कमी होतोय, थांब.

१२ सप्टेंबर

थांबण्यात अर्थ नव्हता हे आज नीट वाचल्यावर कळलं. २२ सप्टेंबरपासून ५ टक्के कर लागणार तो जोडी अडीच हजारांपर्यंतची असेल तर. त्यावरच्या बुटांना १८ टक्के होते, १८ टक्केच राहणार. ६,७९९ चा बूट ६,७९९ लाच. स्वस्त बूट घेणाऱ्यांना मात्र फरक चांगला पडेल: करासकट २,४९९ ला असलेली जोडी दुकानदाराने प्रामाणिकपणे कमी केली तर २,२२४ च्या आसपास येते.

यातून दुसरा विचार सुरू झाला. पावसाळ्यात एका जोडीवर भागतच नाही. मुख्य जोडी आता घ्यायची आणि २२ नंतर भिजायला एक स्वस्त जोडी.

१३ सप्टेंबर

घेतले. काळे, कडेला पोपटी रेघ. रंगाचा पर्याय नव्हता.

१४ सप्टेंबर

पहिली धाव, मुद्दाम तीनच किमी. पाऊस नाही. मिठागरांत पाणी भरलेलं, मागून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा. करंगळी गप्प. टाच घट्ट. आणि वीस मिनिटांनी उजव्या पायाची मधली बोटं बधिर.

कारण नाडीत सापडलं. टाच धरून ठेवण्यासाठी वरून आवळलेली नाडी पायाच्या वरच्या उंच हाडावर दाब देत होती. घरी येऊन त्या हाडावरची एक फुली काढून टाकली: तिथे नाडी आडवी न नेता दोन्ही बाजूंनी सरळ वर चढवली, मग पुढे पुन्हा फुल्या. हाडावर छोटी रिकामी खिडकी तयार होते. सगळ्यात वरचा फास तसाच ठेवला.

१५ ते २१ सप्टेंबर

बधिरपणा गेला. आता पोटऱ्या बोलू लागल्या. जुन्या बुटात टाच चवड्यापेक्षा १० मिमी उंच होती, नव्यात ६. चार मिमी म्हणजे काय, असं वाटतं, पण तेवढ्याने पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला थोडा जास्त ताणला जातो. दोन दिवसांनी जिना उतरताना रेलिंग धरावं लागलं. एक दिवस नवे, एक दिवस जुने असं चालू केलं, अंतर चार किमीच्या आत. आठवडा संपेपर्यंत ताण निम्म्यावर.

बूट विकत घेताना टाचेचा फरक किती हे विचारा, आणि जुन्याचा किती होता ते आधी शोधून ठेवा. कमी चांगला की जास्त, या वादात मी पडत नाही. एकदम बदलू नका, एवढंच.

२४ सप्टेंबर

स्वस्त जोडी आली, करकपातीनंतर २,२२४ ला. पुरुषांचाच सहा. हिच्या तळाला रबर फक्त टाचेच्या कोपऱ्यावर आणि पुढच्या टोकाला, बाकी उघडा फोम. बघताना वाटलं, भिजायलाच तर हवी.

२७ सप्टेंबर

धो धो पावसात पाच किमी, मुद्दाम मुख्य जोडी घालून, कारण वाळायला किती वेळ लागतो ते पाहायचं होतं. निघण्याआधी उजवा बूट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: २४१ ग्रॅम. सासूबाई ओट्यापाशीच होत्या. "अगं, पीठ मोजायच्या काट्यावर वहाणा?" खाली कागद घातलाय म्हटलं. काटा त्यांनी नंतर दोनदा धुतला.

परत आल्यावर ३४८ ग्रॅम. पायाला शंभर ग्रॅमची पिशवी बांधल्यासारखं. पाणी नेमकं कुठे आहे ते दाबून पाहिलं. फोम फारसं पीत नाही. पाणी धरतात ती जाड जीभ, टाचेभोवतीची गादी आणि इनसोल. दुकानात जी गुबगुबीत जीभ पायाला लाडाची वाटते तीच पावसाळ्यात स्पंज होते. पुढच्या वेळी जीभ पातळ असलेला बूट बघणार.

वाळवण्याची पद्धत, जी जमली ती: इनसोल बाहेर काढून वेगळा, नाड्या पूर्ण सैल, जीभ पुढे ओढलेली, आत वर्तमानपत्राचे बोळे. पहिले बोळे तासाभरात चिंब होतात, ते बदलले नाहीत तर कागदच ओल धरून बसतो. मग पंख्याखाली, टाच वर करून. रात्री २७९, दुसऱ्या दिवशी सकाळी २५८, संध्याकाळी २४३. म्हणजे गोव्यातल्या ओल्या हवेत रोज सकाळी तोच बूट कोरडा मिळणं शक्य नाही. ओलाच घातला की वास, मग बुरशी, मग बोटांमध्ये फोड. दोन जोड्या ही चैन नाही, पावसाळ्याचा खर्च आहे.

सुती मोजेही याच दिवशी बाद. पाणी धरून करंगळीशेजारी घडी पडली आणि तिथे फोड आला. कृत्रिम धाग्याचे पातळ, तीन जोड्या ५९७ रुपयांना.

३ ऑक्टोबर

स्वस्त जोडीची ओल्या रस्त्यावरची पहिली परीक्षा, आणि नापास. डांबरावर ठीक. पण रस्ता ओलांडताना झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर पाय सर्रकन गेला, पडता पडता वाचले. मग मुद्दाम घराबाहेरच्या जांभ्याच्या पायरीवर, जिथे शेवाळ आहे तिथे, कठडा धरून दोन्ही जोड्या एकेक करून टेकवून पाहिल्या. मुख्य जोडीचं रबर निदान थोडं धरतं, उघडा फोम काहीच धरत नाही. शेवाळावर भरवसा कुठल्याच बुटाचा ठेवू नये, पण रंगवलेले पट्टे आणि गुळगुळीत फरश्या रोज वाटेत आहेत.

म्हणजे योजना उलटी झाली. भिजायला घेतलेली जोडी ओल्यात चालत नाही. आता पाऊस असेल तेव्हा मुख्य, आणि ती वाळत असताना कोरड्या सकाळी स्वस्त. बुटाचा तळ उलटा करून रबर कुठे कुठे आहे ते बघायला अर्धा मिनिट लागतो. बायांनो, बघा.

१२ ऑक्टोबर

स्वस्त जोडी दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत, मागच्या काचेखाली राहिली. संध्याकाळी उजव्या बुटाचा पुढचा रबरी तुकडा कडेने सुटलेला. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडीत डिंक मऊ होतो. बाजारात पादत्राणं दुरुस्त करणाऱ्या काकांनी आधी कड कानशीने खरवडली, दोन्ही बाजूंना लावलेलं पातळ सोल्युशन दहा मिनिटं सुकू दिलं, मग दाबून सुतळीने बांधलं. "बाय, उद्या सकाळपर्यंत सोडू नको." साठ रुपये. अजून टिकलंय. मी घरी ट्यूबमधला झटपट गोंद लावणार होते. तो वाळून कडक होतो आणि वाकणाऱ्या जागी तडकतो, असं त्यांनीच सांगितलं.

२१ ऑक्टोबर

काल पहाटे नरकासुराचे पुतळे जळले. आज सकाळी धावताना डाव्या बुटातून टक-टक आवाज. खडा असेल म्हणून दोन किमी तशीच गेले. घरी उलटा करून पाहिला तर रबराच्या दोन खाचांमध्ये जळून काळी पडलेली बांधायची तार, वाकडी होऊन रुतलेली, तिचं एक टोक फोममध्ये सेंटिमीटरभर आत. पक्कडीने काढली. इनसोलपर्यंत पोचली नव्हती. फोम जाड असण्याचा हा फायदा कुठल्याच जाहिरातीत लिहीत नाहीत. दिवाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चौकांतून धावू नये, नरकासुराच्या सांगाड्याचे खिळे आणि तारा आठवडाभर रस्त्यावर असतात.

९ नोव्हेंबर

टाचेची सकाळची चमक गेली. बुटांमुळेच, असं म्हणणार नाही. मधल्या काळात अंतर कमी होतं आणि पोटऱ्यांचे व्यायामही चालू केले होते. करंगळीचं नख मात्र मुळाकडून स्वच्छ येतंय, त्याचं श्रेय रुंदीलाच.

गटातल्या एकीने माझं बघून तोच बूट, तोच पुरुषांचा सहा घेतला. तिचा पाय अरुंद आणि कमान उंच. आत पाय पोहतोय, नाडी कितीही आवळली तरी. एकदाच धावली, आता परत होणार नाही. मापं घे म्हटलं होतं. तिच्या भावाला बसताहेत, तो वापरणार.

२३ नोव्हेंबर

आतापर्यंत मुख्य जोडी १६८ किमी, स्वस्त ७४. जुनी जोडी ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून गाडी धुताना.

खर्च: मुख्य ६,७९९, स्वस्त २,२२४, मोजे ५९७, दुरुस्ती ६०. एकूण ९,६८०, म्हणजे बजेटच्या दीडपटीहून जास्त. मुख्य जोडी ६०० किमी चालली तर किलोमीटरला साधारण सव्वाअकरा रुपये पडतील.

मुख्य जोडीची उजवी बाहेरची कड आताच डावीपेक्षा जास्त गुळगुळीत दिसते. कॉजवेवर कडेला उतार आहे तोवर हे चालणारच. रविवारी गाड्या कमी असतात तेव्हा परतताना दुसऱ्या कडेने धावून पाहते आहे. डाव्या बुटात टाचेच्या अस्तराला गोळे आलेत, अजून फाटलेलं नाही. याच मॉडेलची पुढची आवृत्ती आली की जुनी स्वस्तात निघते, म्हणून मॉलमधल्या विक्रेत्याला फोन नंबर देऊन ठेवलाय. त्याने वहीत लिहून घेतलं, 'जेंट्स सहा, मॅडम'.